धनुष्कोडीला सोडलेला गज

आमच्या घरात तीर्थाला गेलं की काहीतरी सोडून यायचं, असा नियम होता. लोक काशीला जाऊन एखादं फळ, एखादी भाजी सोडतात, म्हणजे उरलेल्या जन्मात तिला तोंड लावत नाहीत. आमच्या लोकांना सोडण्याची हौसच फार, ते कुठल्याही तीर्थावर सोडायचे. मात्र सोडायचे ते नावडतं. आजोबांनी कारलं सोडलं. एका आत्यानं फणस सोडला, कारण फणसानं तिचं पोट फुगायचं. एका काकांनी मात्र मोठ्या मनानं वांगं सोडलं आणि वर्षभरात कुणाच्या तरी लग्नात वांगीभातावर ताव मारला. त्याच आठवड्यात त्यांना जो ताप भरला तो त्यांना घेऊनच गेला. ताप टायफॉइडचा होता. आमच्या घरात तो अजूनही वांग्याचाच मानतात. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, देवाला बेताचेच भीत आणि माणसाला मुळीच नाही. त्या वांग्याला मात्र फार भीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अप्पांचं शिवाजीनगरात शिंप्याचं दुकान होतं. आमचे जुने लोक त्या भागाला दंडूच म्हणायचे, दंडू म्हणजे लष्कर. आपले पूर्वज कुठल्याशा फौजेचे तंबू शिवत शिवत बेंगळूरला आले आणि तंबू उठले तरी राहून गेले, असं अप्पा सांगत. त्या पूर्वजांची एकच खूण आमच्याकडे उरली होती, ती म्हणजे गज. तीन फुटी, सागवानी, हात लागून लागून काळा पडलेला, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या, अंगावर इंचाइंचाच्या खुणा. दिवसा तो दुकानात कापड मोजायचा आणि संध्याकाळी अप्पांच्या काखेतून घरी येऊन आम्हाला मोजायचा.

आम्हाला म्हणते खरी, पण मला त्यानं कधी शिवलं नाही. मार खायचे ते आई आणि माझा थोरला भाऊ. भावाला मी अण्णा म्हणायची. मी वाचायची याचं कारण सांगायला आता या वयात लाज वाटायला हवी, पण सांगते. मी बातम्या पोचवायची. अण्णा शाळेतून कुठं गेला, आईनं शेजारच्या कानडी बाईजवळ काय रडगाणं गायलं, कुणी काय फोडलं आणि कुठं लपवलं. अप्पा उंबऱ्यात चप्पल काढतायत तोवर माझं तोंड सुरू झालेलं असायचं. ते मला पुट्टी म्हणायचे, कानडीत लाडक्या लहान मुलीला म्हणतात तसं. "पुट्टी, काय विशेष?" एवढं त्यांनी विचारलं की मी फुलून यायची. मग आतून गजाचा आवाज यायचा. तो आवाज ओल्या कपड्यावर धोपाटणं पडल्यासारखा असतो. मी तेव्हा बाहेर बसून पाढे म्हणायची, मोठ्यानं. माझे पाढे फार पक्के होते.

अण्णा सतरा वर्षांचा झाला तेव्हा शाळा सोडून दुकानात बसला होता. एका दिवशी त्यानं पांढऱ्या ड्रिलच्या कापडावर कोटाची बाही उलटी कापली. एकाच हाताच्या दोन बाह्या झाल्या. गिऱ्हाईक समोरच उभं होतं. अप्पांनी गिऱ्हाइकाला बसायला स्टूल दिलं, अण्णाचा डावा हात कटिंगच्या टेबलावर पालथा ठेवायला लावला आणि गज उभा धरून पितळेचं टोक बोटांवर घातलं. एकदा, आणि पुन्हा एकदा. मधली दोन बोटं मोडली. गिऱ्हाईक स्टुलावरून उठून निघून गेलं, ते पुन्हा कोट मागायलासुद्धा आलं नाही.

हाड बसवणाऱ्यानं बोटं दोन बांबूच्या काड्यांत बांधून दिली. त्या दिवशी अण्णा स्वयंपाकघरात आईसमोर बसला, जेवला नाही. मी दाराआड होते, म्हणजे माझ्या नेहमीच्या जागी.

"आई, पुढच्या खेपेला मी हात पुढं करणार नाही," तो म्हणाला. "वर करीन."

"असं बोलू नये रे."

"बोलत नाही, सांगतोय. एक तर मी त्यांना मारीन, नाहीतर पलटणीत नाव घालून निघून जाईन. मारलं तर जीव जाईस्तोवर मारीन, आई. मला थांबता येणार नाही. मी त्यांचाच आहे ना."

 आईनं त्याचा तो बांधलेला हात मांडीवर घेतला आणि उजव्या हातानं त्याला भात भरवला. तो घास घेत गेला. ही बातमी मी पोचवली नाही. आयुष्यात दाबून ठेवलेली माझी पहिली बातमी. चांगुलपणानं नव्हे. अप्पा ऐकून खूश होतील, असं मला वाटलं आणि त्याचीच भीती वाटली.

तीन आठवड्यांनी आई म्हणाली, "मला रामेश्वरला जायचंय." लग्न झाल्यापासून तिनं मागितलेली ही पहिलीच गोष्ट असावी. अप्पा इतके चकित झाले की हो म्हणून बसले. एप्रिल संपत आला होता, शाळेच्या गणवेशांची गर्दी अजून सुरू व्हायची होती. मला सुट्टी, दुकानाला कुलूप. असे आम्ही चौघं, एक पत्र्याची ट्रंक, एक फिरकीचा तांब्या, पुरीभाजीचा डबा आणि गज, असे निघालो.

गज कशाला, तर काठी म्हणून. आणि मोजायला. अप्पांना मोजल्याशिवाय करमत नसे. त्यांनी रेल्वेचा बाक मोजला आणि "दोन इंच चोरलेत" म्हणाले. समुद्रावरचा तो लांबलचक पूल आला तेव्हा गाडी मुंगीच्या पावलानं चालत होती, खाली हिरवं पाणी उसळत होतं, डब्यातले लोक हात जोडून बसले होते, आणि अप्पा खिडकीची उंची मोजत होते. रामेश्वरच्या देवळातल्या दगडी ओवरीत त्यांनी खांबांमधलं अंतर मोजायला घेतलं, तेव्हा भटजी धावत आले.

तिथले भटजी मराठी निघाले. कित्येक पिढ्यांपूर्वी जाऊन तिथलेच होऊन गेलेले, आमच्यासारखेच. बुटके, पोट सुटलेले, सतत घामेजलेले.

"बेंगळूरचे काय?" ते म्हणाले. "ऐकूनच कळलं. तुमची मराठी कानडीत भिजत घातल्यासारखी आहे."

"आणि तुमची तमिळात तळून काढलीय, भटजी," अप्पा म्हणाले. दोघं खदखदून हसले. अप्पा परक्या माणसांत फार मजेदार असायचे. आमच्या गल्लीत अजून काही म्हातारे त्यांच्या विनोदांची आठवण काढतात आणि मी मान डोलावते.

दुसऱ्या दिवशी भटजी आम्हाला धनुष्कोडीला घेऊन गेले. बेटाचं पार शेवटचं टोक. तेव्हा तिथवर गाडी जायची. गाडीतून उतरलो तर समोर वाळूशिवाय काही नाही. पांढरी वाळू, उन्हानं भाजलेली, टेकड्याच टेकड्या, काही तर कोळ्यांच्या झोपड्यांच्या डोक्यापर्यंत चढलेल्या. एका झोपडीचं दार वाळूनं निम्मं गिळलं होतं आणि आतली बाई खिडकीतून ये-जा करत होती. वारा असा की वाळू अंगावर सुयांसारखी टोचायची, पोटऱ्या सोलून निघायच्या. मी वरून सरकत खाली आले, पुन्हा चढले, पुन्हा सरकले. एवढा वेळ तरी ती माझी सुट्टी होती. अण्णासुद्धा हसला, आणि बांधलेला हात वर धरून एकदा सरकला.

"हे बघा," भटजी टोकावर उभे राहून म्हणाले, "ह्या बाजूचा समुद्र तो बाईसमुद्र, शांत. आणि हा ह्या बाजूचा पुरुषसमुद्र. ह्याच्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही."

हे सांगायची गरजच नव्हती. तो समुद्र किनाऱ्याला मारतच होता. लाट मागे सरायची, दात खायची आणि येऊन सगळ्या अंगानं आदळायची. पायाखालची जमीन हादरत होती. एक मेलेलं कासव तो सारखा आणून टाकत होता आणि सारखा ओढून नेत होता.

"भटजी, टाकलेलं परत न देणारा कुठला?" आईनं विचारलं.

"आँ?" भटजी म्हणाले. मग हसून म्हणाले, "हा पुरुषसमुद्र घेतो म्हणतात."

आंघोळी झाल्या. मग सोडण्याची वेळ आली. भटजी ओंजळीत पाणी देत, ज्यानं त्यानं काय ते म्हणायचं आणि पाणी सोडायचं. अप्पांनी दोडका सोडला. आमच्या घरात दोडका त्यांच्यामुळे कधी शिजलाच नव्हता. अण्णा म्हणाला, "काही नाही." मी लहान होते म्हणून मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही दोडकाच म्हणाले असते.

आई पुढं झाली. तिच्या ओल्या लुगड्याच्या निऱ्या वाऱ्यानं फडफडत होत्या. वाळूत उभा रोवून ठेवलेला गज तिनं उपटला आणि म्हणाली, "हा सोडते."

"बाई, आपलं असेल ते सोडायचं," भटजी म्हणाले. "नवऱ्याचं नाही."

"अंगावर माझ्या पडतो, मग माझाच की," आई म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तिनं तो पुरुषसमुद्रात भिरकावला.

अप्पा पहिल्यांदा हसलेच. त्यांना ती गंमत वाटली असावी. गज एका लाटेवर आडवा झाला, आत गेला, दिसेनासा झाला. आईनं हात जोडले. ती काहीतरी पुटपुटत होती. तेवढ्यात पुढची लाट आली आणि तिनं गज आणून त्या कासवाशेजारी टाकला. पितळेची टोपी उन्हात चमकत होती.

"बघ," अप्पा म्हणाले. "समुद्रालाही नको."

ते गेले, गज उचलला, धोतराला पुसला. मग परत येऊन त्यांनी तो आईच्या पाठीवर घातला. ओल्या कापडावर. तो आवाज मी इतकी वर्षं बाहेर बसून ऐकला होता, त्या दिवशी पहिल्यांदा समोर पाहिला. दुसरा खांद्यावर बसला आणि आई गुडघ्यांवर आली. तिसरा चुकवताना मनगटावर बसला, बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं आणि येणाऱ्या लाटेनं ते धुऊन नेलं. भटजी "अहो, अहो, तीर्थ आहे" एवढंच म्हणत मागे मागे सरत होते. जाळी विणत बसलेल्या कोळिणी उठून ओरडायला लागल्या. त्यांची भाषा आम्हाला कळत नव्हती, अर्थ कळत होता.

अण्णा धावला. आईनं गुडघ्यांवरूनच त्याचा सदरा पकडला. "तू नाही," ती म्हणाली. "तू हात लावायचा नाहीस. मी सांगते ना, तू नाही." सदरा टरकला तरी तिनं सोडला नाही. अप्पा बघत उभे होते. त्यांना दम लागला होता. "येऊ दे की त्याला," ते म्हणाले. "बघू तरी."

भटजींनी आम्हाला एका धर्मशाळेच्या ओसरीवर नेऊन बसवलं, भात वाढला आणि संध्याकाळच्या गाडीला येतो म्हणून सटकले. अप्पा जेवले, गज उशाशी घेतला आणि घोरायला लागले. मारल्यावर त्यांना नेहमीच छान झोप लागायची. अण्णा भिंतीला टेकून समुद्राकडे बघत होता. आई उठली. तिनं हळूच गज काढून घेतला, लुगड्याच्या पदराआड धरला आणि टेकड्यांकडे चालायला लागली. मी तिच्या मागे. माझ्या पायांना ती सवयच होती.

तिनं एका टेकडीच्या पोटाशी हातानं खड्डा केला. फुटलेल्या बांगडीची काच मनगटात तशीच होती, तरी कोपरापर्यंत हात घालून ती वाळू काढत होती. गज आत ठेवला, वर वाळू लोटली. वळली तर मी उभी.

"कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. रागानं नाही. "पुट्टी, हा परत घरी आला तर तुझा अण्णा राहणार नाही. कळतंय तुला? एक तर तो जाईल, नाहीतर तुझे अप्पा जातील."

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. ती शपथ किती वेळ टिकली याचं माप तीन फुटी गजानं घेता येण्यासारखं होतं.

आम्ही ओसरीवर परतलो आणि अप्पा उठले, उशाशी चाचपलं आणि काही न बोलता थेट अण्णाकडे गेले. "कुठं ठेवलास?" अण्णा म्हणाला, मला ठाऊक नाही. ते खरंच होतं. अप्पांनी त्याचा तो बांधलेला हात धरला आणि काड्यांसकट पिळला. अण्णाच्या तोंडातून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. त्याची उजवी मूठ वर आली. अगदी अप्पांच्या कानाजवळ आली आणि तिथंच राहिली.

"आईनं पुरलाय!" मी ओरडले. "टेकडीत! मला माहीत आहे!"

अण्णाला वाचवायला ओरडले, असं मी पुढे कितीतरी वर्षं सांगत आले. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं हे, की मला बातमी माहीत होती आणि ती पोटात राहत नव्हती.

अप्पांनी आईच्या केसांना धरलं आणि तिला टेकड्यांपर्यंत ओढत नेलं. तिचे पाय वाळूत दोन चर पाडत गेले. "दाखव." आई गप्प. त्यांनी तिचं तोंड वाळूत दाबलं. "दाखव." ती वर आली आणि वाळू थुंकली. अण्णा मागून येत होता, दुखरा हात छातीशी धरून, पांढराफटक, आणि त्याचे डोळे अप्पांच्या मानेवर होते. मी घाईघाईनं पुढे झाले. "इथं, इथं," म्हणाले आणि एक टेकडी दाखवली.

अप्पा गुडघ्यांवर बसून खणायला लागले. कुत्रं खणतं तसं, दोन पायांमधून वाळू मागे उडवत. गज नाही. आणखी आत. टेकडीचं पोट पोखरत पोखरत ते छातीपर्यंत आत गेले. वारा वाढला होता, वाळूचे चाबूक आमच्या अंगावर बसत होते, डोळे उघडवत नव्हते. "कुठंय ग, पुट्टी?" ते आतून ओरडले, पहिल्यांदाच माझ्यावर. "खोटं बोललीस तर तुझेही..." पुढचं ऐकू आलं नाही. वरची अर्धी टेकडी आवाजसुद्धा न करता खाली आली.

अप्पा दिसेनासे झाले. वाळूच्या वर डोक्याचा शेंडा तेवढा राहिला, नारळाएवढा.

आम्ही तिघं उभे होतो. आता जे लिहिते आहे ते आमच्या घरात कधी बोललं जात नाही. आम्ही तिघंही हललो नाही. मी एक श्वास घेतला, सोडला, आणखी एक घेतला. अण्णा आईकडे बघत होता. आई त्या शेंड्याकडे. वाळू हळूहळू सरकत होती आणि शेंडा लहान होत होता.

मग अण्णा झेपावला. दोन्ही हातांनी, मोडक्या बोटांनीसुद्धा, त्यानं वाळू उपसली. काड्या निघाल्या, बोटं वेडीवाकडी झाली. कपाळ निघालं, डोळे निघाले. आईनं पुढे होऊन पदरानं अप्पांच्या नाकातली, तोंडातली वाळू काढली, बोट घालून जिभेखालचीसुद्धा. ते खोकले, ओकले, श्वास घेतला. गळ्यापर्यंत मोकळे झाले होते. हात, छाती, पाय, सगळं आत गच्च.

"बस, अण्णा," आई म्हणाली. "थांब आता."

अण्णा थांबला.

ओसरीवरून धावताना मी हातातला तांब्या तसाच आणला होता, तिनं त्यातलं उरलेलं पाणी अप्पांना पाजलं. थोडं राखून ठेवलं आणि त्यांच्या समोर बसली, पाटावर बसावं तशी. "आता गज सोडा," ती म्हणाली.

"काढ मला आधी."

"आधी सोडा. म्हणा, ह्या तीर्थावर गज सोडला, पुन्हा हातात धरणार नाही. पाणी मी सोडते. तुमचे हात आत आहेत."

अप्पांनी आईच्या सात पिढ्या उद्धरल्या. बाहेर आलो की तुझे तुकडे करीन, म्हणाले. ते ओरडले तशी वरून आणखी वाळू घसरली आणि हनुवटीपर्यंत आली.

"हळू बोला," आई म्हणाली. "स्वल्प हळू."

ते पुन्हा ओरडले. वाळू ओठाला लागली. अण्णा पुढे झाला, आईनं हात आडवा धरला. तिच्या मनगटातलं रक्त वाळूवर ठिपकत होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून मला तिची जास्त भीती वाटली. भाजीवाल्याशी ती घासाघीस करताना बसायची, तशीच बसली होती.

"गाडीला अजून वेळ आहे," ती म्हणाली.

मग माझे वडील आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. मान वर करून, ओठ जेमतेम हलवत. "अगं, दुकान आहे. गजाशिवाय शिंपी काय करणार? आजोबांचा आहे तो."

"अण्णा मोजेल. तुम्ही कापा."

"दुसरं काही सोडतो. विडी सोडतो."

"विडी मला लागली नाही कधी."

"पुट्टी, तू तरी सांग ग आईला," ते म्हणाले. मला. इतक्या हळू, की मला रडू आलं. सगळ्या जन्मात मी त्यांना कधी काही नाकारलं नव्हतं. मी तिथंच वाळूत बसले आणि मोठ्यानं सतराचा पाढा म्हणायला लागले. वेड्यासारखं वाटेल, पण दुसरं काही सुचलंच नाही.

सतरा सक एकशे दोन झाले असतील. अप्पांनी डोळे मिटले. "सोडला," ते म्हणाले.

"नीट. तीर्थाचं नाव घेऊन."

त्यांनी नीट म्हटलं. शब्दन् शब्द. आईनं तांब्यातलं पाणी त्यांच्या हनुवटीपुढं सोडलं, वाळूनं ते पिऊन टाकलं. मग ती उठली आणि ती आणि अण्णा दोघं मिळून त्यांना काढायला लागले. मीही हात लावला. बाहेर आल्यावर अप्पा उभे राहिले, अंगावरून वाळू ओघळत होती, आणि त्यांचा उजवा हात अण्णाच्या दिशेनं उठला. तो अण्णाच्या खांद्यावर पडला. मारायला उठला होता की आधाराला, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

धर्मशाळेत गाडीच्या वेळेला भटजी आले. आमचे अवतार बघून म्हणाले, "काय झालं हो?"

"वाळूत खेळलो," आई म्हणाली.

घरी आल्यावर अप्पांनी खरंच गज धरला नाही. दुकानासाठी नवा आणला, पण त्याला हात अण्णानंच लावायचा. गिऱ्हाईक समोर असलं तरी अप्पा कापड पसरून थांबून राहायचे. "मोज," म्हणायचे. अण्णा डाव्या हाताची ती दोन वाकडी बोटं गजावर टेकवून मोजायचा आणि खडूनं खूण करायचा, मग अप्पांची कातर चालायची. लोकांना वाटायचं, म्हातारा लेकाला किती मान देतो. अण्णा पलटणीत गेला नाही. अजून दुकानात आहे.

मात्र अप्पांनी सोडला होता तो गज, हात नव्हे. पहिल्याच महिन्यात आमटी खारट झाली म्हणून त्यांनी आईवर हात उगारला. ती ताट वाढत होती, वाढतच राहिली. "अहो, रामेश्वरची वाट मला आता पाठ आहे," एवढंच म्हणाली. हात खाली आला. नंतरही एकदोनदा तो वर गेला, खाली पडला की नाही हे मला माहीत नाही. त्यानंतर मी दाराआड उभं राहणं सोडलं. तीर्थावर सोडलं नव्हतं, तरी टिकलं.

पुढे काही वर्षांनी वादळ आलं आणि समुद्रानं ते अख्खं गाव, स्टेशन, रूळ, झोपड्या, सगळं घेतलं. बातमी रेडिओवर ऐकून अप्पांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "गज गेला असेल." आई म्हणाली, "गेला असेल." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं गज टांगायचा तो खिळा अजून होता. नंतर त्यावर कॅलेंडर लागलं.

माझ्या नातेवाइकांत ही गोष्ट मला सारखी सांगायला लावतात, आणि मुलं शेवटी हटकून विचारतात, "मग तू मुद्दाम चुकीची टेकडी दाखवलीस ना?" मी गालातल्या गालात हसते आणि त्यांना हवं ते समजू देते. खरं एवढंच आहे की मला दिशा कळत नाहीत. मी मनापासून बरोबर टेकडी दाखवली होती. अजूनही शिवाजीनगरच्या बस स्टँडवर उतरले की अण्णाचं दुकान डावीकडं की उजवीकडं, हे मी कुणाला तरी विचारून घेते.